विहिरीच्या काठावरचे विलायती खेळाडू

यंदाही मृग कोरडा चालला आहे. सकाळी ढग येतात, गच्चीवरचं वाळवण उचलायची धांदल उडवतात आणि दुपारपर्यंत निलंग्याच्या अंगानं निघून जातात. लातुरात आमच्या गल्लीत टँकर आला की बायका बादल्या घेऊन पळतात. मी आता पळत नाही, गुडघे ऐकत नाहीत. शेजारची श्रुती, कॉलेजात जाणारी, माझ्या घागरी भरून आणून देते. परवा घागर ओट्यावर ठेवता ठेवता ती मोबाइलकडे बघून हसली. म्हणाली, "काकू, इथे नुसती भांडणं चालली आहेत. आजवरचा सगळ्यात थोर ब्रिटिश खेळाडू कोण, म्हणून. लोक एकमेकांच्या अंगावर धावून चाललेत." मग माझ्या लुगड्याकडे आणि चष्म्याकडे बघून म्हणाली, "जाऊ द्या, तुम्हाला काय त्यातलं."

मी म्हटलं, "अगं, तो वाद मी पुष्कळ ऐकलाय. आमच्या विहिरीवर."

तिला ती थट्टा वाटली. मीही हसले, पण ती गेल्यावर घागरीत तांब्या बुडवायला हात धजेना. 

तो मृगही असाच होता. जिल्हा नवा होता, दुष्काळ तेवढा जुना. उस्मानाबादेतून वेगळं काढून आम्हाला लातूर जिल्हा दिला, त्याला फार काळ लोटला नव्हता. शिरूर अनंतपाळला माझ्या सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पेंटरनं पांढऱ्या रंगानं झाकून वर 'जि. लातूर' लिहिलं होतं. उन्हानं तो पांढरा रंग पोपडे धरून गळाला आणि खालचं उस्मानाबाद पुन्हा डोकावू लागलं. गिऱ्हाईकं म्हणायची, "अप्पा, पावसाला पत्ता घावंना झालाय बघा. त्यो तिकडं जुन्या जिल्ह्यात हुडकत बसला असंल." सगळे हसायचे. पुढेपुढे ती थट्टा करणंही लोकांनी सोडलं. नवा जिल्हा आला आणि पाऊस गेला, असं एखादी म्हातारी दुकानाच्या पायरीवर बसून पुटपुटायची. तिला कुणी गप्प बसवायचं नाही, याचीच मला जास्त भीती वाटायची.

मी धर्माबादची. मिरचीच्या ठसक्यात वाढलेली, आणि हाकेच्या अंतरावर गोदावरी. पाणी संपतं हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. शिरूरला आल्यावर मी दुष्काळाचे आवाज शिकले. रांजणाच्या तळाला घासणारं वाटीचं तोंड. हापशाच्या दांड्याचं नुसतंच खडखडणं. दुपारी दावणीला बांधलेल्या जनावरांचं हंबरणं हळूहळू कमी होत जाणं. कमी होणारे आवाज वाढणाऱ्या आवाजांपेक्षा वाईट असतात, हे मी त्या उन्हाळ्यात शिकले.

शेतातल्या आमच्या विहिरीत पारव्यांची वस्ती होती. दगडांच्या सांदींत त्यांची घरटी, आणि कठड्यावरून वाकून पाहिलं की खालून घुमण्याचा आवाज यायचा. एके सकाळी मी भाकरी घेऊन गेले तर विहीर मुकी होती. एकही पारवा नाही. सांदीत काड्या होत्या, पिसं होती, पक्षी नव्हते. मास्तर म्हणाले, "पाखरं दाण्याला गेली असतील." शिवारात दाणा कुठे होता? मी भाकरी ठेवून परत फिरले. त्या दिवसापासून त्या विहिरीकडे बघायला मला नको वाटू लागलं.

मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेत खेळाचे शिक्षक. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही इथे मास्तरच म्हणते. नाव घ्यायला जीभ तेव्हा वळली नाही, ती आता कशाला वळवू? आणि अप्पा म्हणजे माझे सासरे. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, बोलण्यात निजामाच्या काळातलं उर्दू. तरुणपणी शिकायला हैदराबादेत होते, तिथे त्यांना इंग्रजांच्या क्रिकेटचं वेड लागलं. ते वेड त्यांनी मुलाला दिलं, आणि मुलानं तेच पोटापाण्याचं साधन केलं तेव्हा त्याच्यावरच रुसून बसले. "बसली गादी सोडून शिट्टी फुकायला गेला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

बापलेक एकमेकांशी बोलत नसत. शेजारी शेजारी जेवायला बसत आणि भिंतीशी बोलत. "या घरात ताक मिळतंय का कुणाला?" असं अप्पा भिंतीला विचारत. "ताक संपलंय म्हणावं," असं मास्तर त्याच भिंतीला सांगत. मी तर सासऱ्यांसमोर तोंडच उघडत नसे. त्यात जुलूम असा काही नव्हता, रीतच तशी होती. मी भांड्यांच्या आवाजानं बोलायची. माझा हंडा जोरात आपटला की अप्पांना कळायचं, सुनेला काहीतरी पटलेलं नाही.

विहीर खोल न्यायचं ठरलं तेव्हा महबूबभाईंना बोलावलं. दगड फोडून विहिरी खणण्यात त्यांचा जन्म गेला होता. यारी, म्हणजे विहिरीतला गाळदगड वर ओढणारं लोखंडी यंत्र, त्यांचं स्वतःचं होतं. पण त्या उन्हाळ्यात प्रत्येक शिवारात विहीर खणणं चालू होतं आणि माणसं मिळत नव्हती. मास्तर म्हणाले, शाळेला सुट्टी आहे, मी उतरतो खाली. अप्पा भिंतीला म्हणाले, "उतरू द्या. खेळून कमावल्यालं अंग एकदा तरी कामाला येऊ द्या." ते टोचून बोलणं होतं की परवानगी, हे त्या घरात कुणालाच कळत नसे.

महबूबभाईंनी पहिल्या दिवशीच आपली शिस्त सांगितली. "आदमी खाली गेला की वरच्यानं बोलत ऱ्हायचं. चुप बैठनेका नै. खालच्यानं हुंकार द्यायचा. हुंकार बंद झाला की काम बंद, दोर वर." आणि दुसरी गोष्ट, जी आमच्याकडे सगळेच पाळतात. विहीर खणताना तिच्या तोंडावर पाण्याचं नाव काढायचं नाही. पावसाचं नाही, दुखण्याचं नाही, गेलेल्या माणसाचं नाही. विहीर ऐकत असते म्हणतात.

आता दुष्काळात पाणी सोडून माणसं बोलणार तरी काय? अप्पांनी साखरेचा भाव काढला, तो ऊस करत करत पाण्यापाशी आला. लग्नांचं काढलं, तर दुष्काळामुळे मोडलेली लग्नं निघाली. पुढाऱ्यांचं काढलं, तर लगेच तलाव आला. महबूबभाई दर वेळी बोट वर करायचे आणि अप्पा वाक्य अर्धवट गिळायचे. शेवटी विहिरीतून मास्तरांचा वैतागलेला आवाज आला. आदल्या संध्याकाळी त्यांनी रेडिओवर विलायतेच्या खेळाडूंची चर्चा ऐकली होती. "अप्पा, इतकं लांबचं बोला की पाण्याचा संबंध येणार न्हाई. सांगा बरं, विलायतेचा आजपावतो सगळ्यात थोर खेळाडू कोण?"

किती दिवसांनी मुलानं बापाला थेट हाक मारली होती. मध्ये भिंत नव्हती, नुसतं खोल भोक होतं. अप्पांनी धोतर सावरलं, कठड्यापाशी बूड टेकलं आणि खाली तोंड करून म्हणाले, "त्याला काय विचारायलंय? आमचा बुढ्ढा."

अप्पांचा बुढ्ढा म्हणजे जुन्या काळचा एक सलामीचा फलंदाज. उतारवयातही तो शतकं करत होता म्हणून अप्पांनी त्याला ते नाव दिलं होतं. मास्तरांचा होता तो दहा खेळ एकटा खेळणारा, धावणारा, उड्या मारणारा, भाला आणि गोळा फेकणारा. त्याला ते दशावतारी म्हणत. महबूबभाईंना हैदराबादच्या शर्यतींचा शौक. त्यांनी कुठल्याशा नामी घोडेस्वाराची बाजू घेतली. "आरं, पळतंय ते घोडं," अप्पा म्हणायचे, "मग इनाम घोड्याला द्या की!" महबूबभाई शांतपणे म्हणायचे, "घोडा तो सबके पास रहता, अप्पा."

मी बाभळीखाली पदर घेऊन बसलेली असे. माझंही एक मत होतं. वर्षानुवर्षं हरत राहून एकदाची आपल्याच देशाची टेनिसची स्पर्धा जिंकलेली एक बाई होती, तिचा फोटो मी शाळेत असताना एका मासिकात पाहिला होता. पण मला कुणी विचारलं नाही, आणि तीन पुरुष विलायत पालथी घालत असताना त्यांना बाई म्हणून कुणी आठवली नाही.

त्या वादात बापलेक आपलं सगळं बोलून घेत होते. "टिकणं लई अवघड ऱ्हातंय, शिवा," अप्पा खाली ओरडत. "केस पिकले तरी बुढ्ढा आपली जागा सोडून गेला न्हाई." खालून उत्तर येई, "एकच काम केलं त्यानं जन्मभर! माझा धा कामं करतो. उद्या दुकानात बसवला तर तेबी चालवंल."

"मग तू का न्हाई चालवत?"

खाली कुदळ थांबे. मग हसण्याचा आवाज वर येई, दगडावर आपटत. अप्पाही हसत, पण खाली कुणाला दिसणार नाही असं तोंड वळवून. मला वाटे, पाणी नाही लागलं तरी चालेल, ही विहीर अशीच खोल जात राहू दे. मनात असं आलं की मी दचकून कठड्याला हात लावायची.

कारण सगळीकडून बातम्या चांगल्या येत नव्हत्या. पलीकडच्या एका गावात विहिरीत उतरलेले दोघे वर आलेच नाहीत, असं दुकानात कुणीतरी सांगितलं. नाव कुणी सांगेना, गाव कुणी सांगेना. महबूबभाईंना विचारलं तर त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते आधी पेटता कंदील दोरानं खाली सोडू लागले. ज्योत टिकली तरच माणूस उतरवत.

शिरूरकडे गेले की अजूनही वाटेत जुन्या विहिरी दिसतात. कुणी कचरा टाकून बुजवलेल्या, कुणी लोखंडी जाळी लावलेल्या. आता लोक बोअर मारतात, वीतभर भोकात कुणाला उतरावं लागत नाही. बरंच झालं म्हणायचं. पण मोटार जळली की शेतकरी एकटाच त्या भोकापाशी उकिडवा बसलेला असतो आणि त्याच्याशी बोलायला खाली कुणी नसतं. मी बसच्या खिडकीतून ते बघते आणि मान फिरवते.

त्या दिवशी सकाळी सुरुंग उडवला होता. बाजाराचा दिवस, महबूबभाईंचे यारी ओढणारे मजूर बाजाराला गेले होते. धूर निवला, कंदील खाली गेला, ज्योत सरळ उभी राहिली. मास्तर कंबरेला दोर बांधून उतरले आणि फुटलेला दगड पाटीत भरू लागले. मी भाकरी आणि झुणका घेऊन पोचले तेव्हा बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. रोज त्या वेळी धुळीचा वारा सुटायचा, तो नव्हता. सुरुंगाच्या दारूचा कडवट वास तिथेच बसून होता. ढग इतके खाली आले होते की अप्पांच्या भस्माचा रंगही काळपट दिसत होता. सगळे म्हणत होते आज येणार. म्हणजे तोंडानं म्हणत नव्हते, वर बघत होते.

वाद चालू होता. अप्पा त्या दिवशी खुशीत होते, बुढ्ढ्याच्या एकेका फटक्याचं वर्णन चाललं होतं. खालून रोजच्यासारखी आडवी उत्तरं येत होती, फक्त जरा लांबून. मला वाटलं, विहीर खोल गेली म्हणून. मग नुसते हुंकार येऊ लागले. "हूं." "हूं." अप्पांनी घोडा पुढे दामटला. "आता सांग, शिवा. तुझा दशावतारी दोन-चार वर्षं चमकला आणि गेला. माझा जन्मभर उभा ऱ्हायला. थोर कोण?"

 मग आवाज आला, जड जिभेचा.

"हाव अप्पा. तुमचाच."

"काय?"

"तुमचाच... थोर. हाव."

अप्पांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का महबूबभाई? कबूल झाला! शेवटी कबूल झाला!" त्यांचं सगळं तोंड फुललं होतं. इतकी वर्षं ज्या मुलानं त्यांचं काही ऐकलं नव्हतं, त्यानं आज चारचौघांत त्यांना बरोबर ठरवलं होतं. महबूबभाईही हसले. हुंकार आला होता, शब्द आले होते, कंदील जळत होता. शिस्तीप्रमाणे सगळं ठीक होतं. क्षणभर मलाही बरं वाटलं. मिटलं एकदाचं, असं मनात आलं.

आणि मग ते शब्द मी मनात पुन्हा म्हणून पाहिले. मी त्या माणसाबरोबर राहत होते. भाकरी करपली म्हटलं तर तो नाही म्हणे, चांगली झाली म्हटलं तरी नाही म्हणे. तापानं फणफणलेला असताना वैद्याशी वाद घालणारा माणूस. तो बापाचं कबूल करतो? त्या बापाचं? दशावताऱ्यावर पाणी सोडून?

मी उठले. डोक्यावरचा पदर कुठे गेला कळलं नाही. ओरडले, "अप्पा, त्यांना वर घ्या!"

अप्पा वळून माझ्याकडे बघतच राहिले. त्यांनी माझा आवाज पहिल्यांदा ऐकला होता. "काय झालं?" त्यांनी विचारलं. अजून हसू ओठांवर होतं.

"ते कबूल झाले!" मी म्हटलं. "अप्पा, ते कधी कबूल होतात का?"

महबूबभाईंना आधी कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि त्यांनी यारीच्या दांड्यावर झेप घेतली. दोर ताणला, आणि तो ताण मेलेल्या वजनाचा होता. खाली कुणी पाय टेकत नव्हतं, दोर धरत नव्हतं. अप्पांनी दोराला हात घातला, मीही घातला. सासऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून मी ओढत होते आणि तोंडानं काय बोलत होते ते मला आठवत नाही. दगडाला घासत घासत ते वर आले. मान एका बाजूला कललेली. चेहरा पांढरा पडायला हवा होता, तो लालसर होता, जणू आत्ताच मैदानावरून पळून आलेत. तेच फार भयंकर वाटलं. खाली कंदील अजून जळत होता.

उपसलेल्या दगडांच्या ढिगावर आम्ही त्यांना निजवलं. महबूबभाईंनी शर्ट फाडला, छाती चोळली, टोपीनं वारा घातला. "हवा खराब होती," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "चिराग सलामत आणि हवा खराब. सुरुंग का जहर चिराग को नै समझता." छाती हलत होती, पण एवढीशी, की मी बघायची थांबले तर तीही थांबेल असं मला वाटत होतं. मी पापणी लववली नाही.

अप्पा गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी मुलाचं डोकं मांडीवर घेतलं. तो लहान असतानाही त्यांनी ते कधी घेतलं असेल की नाही, कोण जाणे. मला वाटलं, आता देवाचं नाव घेतील. त्यांनी घेतलं ते बुढ्ढ्याचं.

"शिवा," ते त्याच्या कानाशी म्हणाले, "आरं, माझा बुढ्ढा थोर हाय. हाय का न्हाई?"

अप्पांनी त्याचा गाल थोपटला.

"त्याच्यासारखा दुसरा झालाच न्हाई. ऐकायलास का? तुझा दशावतारी काहीच न्हाई त्याच्यापुढं. लबाड हाय त्यो. भित्रा हाय." आवाज चिरकत होता. ज्याला नावं ठेवली की मास्तर ताटावरून उठायचे, त्याला अप्पा तोंडाला येईल ते बोलत होते. "शिट्टी फुकणारे समदे असेच. दुकान बंद करतो मी. जाळून टाकतो. बोल की! भांड की माझ्याशी!" महबूबभाईंनी वारा घालायचं थांबवून तोंड फिरवलं. अप्पांच्या गालावरून भस्म ओघळत होतं. "न्हाई म्हण रे. मी काय बी म्हणलं तरी न्हाई म्हण. एकदा म्हण, बाळा. मी चूक हाय. मला चूक म्हण."

किती वेळ गेला, सांगता येत नाही. ढग तसेच होते. मग मास्तरांचे ओठ हलले. आधी नुसती हवा आली. अप्पांनी कान ओठांना टेकवला.

"न्हाई," मास्तर म्हणाले.

"काय न्हाई? काय न्हाई, शिवा?"

"तुमचा..." त्यांनी डोळे उघडले नव्हते, पण कपाळाला ती आठी पडली होती, वाद घालतानाची. "तुमचा... न्हाई."

अप्पांनी हंबरडा फोडला. मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरून ते त्याला हलवत होते, आणि त्या उजाड शिवारात त्यांचा आवाज लांबवर जात होता.

"हाव रे बाबा, हाव! म्हणत ऱ्हा. थांबू नको शिवा, म्हणत ऱ्हा."